विहिरीत उतरलेल्या कवड्या

प्रिय संगीताताई,

तुझा आलेख चुकला होता असं मी कधी म्हटलं? तरी काल फोनवर तू पुन्हा तेच काढलं, की मी बरोबर होती. अवं, बरोबर होतीच, पण लोकायले कळलं कुठं? बरोबर असणं अन् कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच मी माघापासून सांगून राह्यलो. तू मधातच फोन ठेवते, म्हणून आता लिहून राह्यलो.

दर पंधरवड्याले तांड्याच्या विहिरीत दोरी सोडायची, जमिनीपासून पाणी किती हात खाली आहे ते मोजायचं अन् त्याचा आलेख बैठकीत दाखवायचा, हे तुझं काम. पाणी खाली गेलं तसा हातांचा आकडा वाढला अन् कागदावरची रेघ चढत गेली. बाबूसिंगकाकानं, आपल्या तांड्याच्या नायकानं, चढती रेघ पाहिली अन् म्हणे, "वा पोरी! यंदा पाणी वर येऊन राह्यलं!" बैठकीनं टाळ्या वाजवल्या, अन् त्याच विहिरीवर मोटर टाकून उन्हाळी भुईमूग पेरायचा ठरवला. रेघ चढली म्हणजे पाणी उतरलं, असं तू ओरडून सांगत होती, पण तेवढ्यात चहा आला. विहीर आटली असती तर याडीले, आपल्या मायले, दुखता गुडघा घेऊन नाल्यापलीकडं पाण्याले जावं लागलं असतं. मागच्या उन्हाळ्यात ती तिथंच घसरली होती.

त्या दिवशी तू फोनवर रडली अन् मी हसलो, त्याचा राग तुले अजून आहे. पण ताई, मी माझ्यावरच हसलो होतो. इथं तिरुपूरच्या गिरणीत भिंतीवर असाच आलेख लागते. नवा होतो तवा त्यातली चढती रेघ पाहून मीही टाळ्या वाजवल्या होत्या. ती खराब निघालेल्या कापडाची रेघ होती! पूर्ण पाळी मले 'टाळी' म्हणून हाक मारे. तुले सांगितलं, तर तू हसली नाही. म्हणाली, आधी बाजूले काय लिहिलं ते वाचत जा, मंग रेघ पाहाची. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाले तू रविवारी-रविवारी फोनवर शिकवलं. दिवसागणिक बदलते त्याले रेघ, दोघातिघांची बरोबरी करायची तर खांब, अन् एकाच भाकरीचे वाटे दाखवायचे तर गोल. भाकरीचं ऐकून मले गणितात पहिल्यांदा भूक लागली.

म्हणून मी म्हटलं, जमीन कागदाच्या वरच्या कडेले घे अन् खांब खाली लटकव, बादलीच्या दोरीसारखे. तू म्हणे, पुस्तकात असं नाही. मी म्हटलं, पुस्तकात आपली विहीरही नाही. दोन्ही लेकरं भांडून राह्यले हे ऐकून याडीनं आपलं कशिद्याचं गाठोडं सोडलं. काळं कापड, वर लाल टाक्यांची जमीन, दर पंधरवड्याचा एक पांढरा दोरा, टोकाले कवडी, अन् सगळ्यात खाली पिवळा तळ. दोन दोऱ्यांमधलं अंतर सारखं ठेव, हे तू डोक्यावर बसून सांगितलं, नाहीतर तिनं मधात फुलं काढली असती.

नायकाच्या ओट्यावर ते कापड टांगलं, तवा बाबूसिंगकाकानं शेवटच्या कवडीवर बोट ठेवलं, मंग तळावर. मधात चार बोटं. अन् घरी जाऊन बायकोले सांगितलं म्हणे, भुईमुगाचं बी परत पोत्यात भर.

काल तांड्यातल्या फुलचंदनं व्हिडिओ पाठवला. वैशाख सरत आला अन् याडी आपल्याच विहिरीतून बादली ओढून राह्यली, वरून त्यालेच शिव्या देऊन राह्यली की काहून फोटो काढतं रे मेल्या. जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यायले दाखवला. मंग उपकार मानायले तुले फोन लावला, अन् तोंडातून निघालं, "मी सांगितलं होतं ना!" म्हणून हे पत्र. तू मले रेघ वाचायले शिकवली नसती, तर तुझी रेघ लोकायले काहून कळली नाही, हे मले कुठून समजलं असतं? पाच कामं सोडलेला मी या गिरणीत टिकलो. माझी रेघ सध्या सपाट आहे, अन् सपाट रेघही काही सांगते, हे तूच म्हणाली होती. याडीच्या कापडात म्हणे आता एकाच दोऱ्याची जागा उरली. पावसाळ्यात कवड्या वर चढतील, त्यायले नवं कापड पाहिजे. पुसदच्या बाजारातून जाड पाहून घे, कवड्याही घे. पाठवून राह्यलो साडेसहाशे रुपये.

तुझाच भांडखोर,
इंद्रजीत