कोलोनला घेतलेलं नाव

कोलोन, जर्मनी
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

ती. वन्सं,

राजेश्वरीचा नमस्कार. मी बरी आहे. पृथ्वीराज आणि सूनबाई अबोलीही बरी आहेत. तुमचा गुडघा कसा आहे? कडेगावात थंडी पडली का? फोनवर विचारलं असतं, पण तुम्ही माझा फोन उचलत नाही. अक्षर मोठं काढलंय. चष्मा लावून स्वतःच वाचा.

काल मुलांनी मला इथलं कॅथेड्रल दाखवलं. कॅथेड्रल म्हणजे फार मोठं चर्च. स्टेशनाबाहेर आलं की समोरच. दगड काळा पडलेला, शिखरं इतकी उंच की वर बघताना डोक्यावरचा पदर दोनदा खाली आला. बांधायला सहाशे वर्षं लागली, हे मी आधीच वाचून ठेवलं होतं. तुम्ही म्हणाल, "वाचून वाचून कलेक्टर व्हनार हाय ही!" यांनी मात्र पहिलं विचारलं असतं, एवढा दगड आणला कुठनं?

दारात मी सवयीनं बूट काढले. पृथ्वीराज म्हणाला, "आई, घाल परत. इथं चालतं."

"त्यांना चालत असेल," मी म्हटलं. नुसत्या मोज्यांवर आत गेले. फरशी गार. मागून लेक माझे बूट हातात घेऊन.

एका बाजूला लोक मेणबत्त्या लावत होते. मीही यांच्यासाठी एक लावली. शेजारी एक पांढऱ्या केसांची बाई होती. तिनंही नवऱ्यासाठीच लावलेली. तिनं अबोलीमार्फत मला विचारलं, तुमच्या मालकांचं नाव काय? मी मुलाकडं बघितलं, तर तो लांब फोटो काढत होता. अबोली म्हणाली, "आई, तुम्हीच सांगा ना." बाई थांबलेली.

मी म्हटलं, "जोतीराम."

वन्सं, उखाणा सोडला तर हे नाव जन्मात माझ्या तोंडून गेलं नव्हतं. बोलले आणि मागं वळून बघितलं, कुणीतरी "अगं!" म्हणून ओरडेल म्हणून. कुणी ओरडलं नाही. बाई "चोतीराम" म्हणाली, हसली, निघून गेली.

मग मी बाकावर बसून राहिले. मुलांना वाटलं, मी दमले.

पृथ्वीराज म्हणतोय, तुळशीच्या लग्नानंतरचं तुझं तिकीट रद्द करतो, तिथं एकटी काय करणार? हे गेल्यावर मी इकडं निघाले तेव्हा तुम्हीही रागानं तेच म्हणालात. "तिकडंच ऱ्हा. हितं आता कोण हाय तुजं?" तेव्हा मला बोलता आलं नाही.

इथं मला फार जपतात. लेकाला वडील आठवतात, पण लांबच्या नोकरीवरून सुट्टीवर येणारे, ट्रंक उघडणारे. विहिरीत पोहायला तुम्ही शिकवलेले, रुसले की उपाशी झोपणारे, मग तुम्हीच ज्यांच्यासाठी ताट घेऊन माडीवर जायचात, ते जोतीराम माहीत असलेलं माणूस आता एकच उरलंय. आणि तेच माझ्याशी बोलत नाही.

तिकीट राहू दे, असं मी लेकाला सांगितलं.

मी येते. तुमच्या-माझ्या घरामधल्या दाराला तुम्ही कडी घातलीय. ती काढा म्हणत नाही. मी माझ्या बाजूनं बसून यांच्याबद्दल बोलत जाईन. कुठं चुकलं, तर तिकडून ओरडा.

तुमच्या भावाची,
राजेश्वरी