कपाचा कान दिसला न्हाई

तीर्थरूप आप्पांना नागपूरहून गौतमीचा जय भीम.

मी खाऊनपिऊन बरी हाय. आईचा गुडघा कसा हाय?

फोनवर बोलले असते तर रडू फुटलं असतं, म्हणून हे लिहून शेजारच्या सीमाताईच्या मोबाईलवर फोटो धाडतेय.

काल चित्रकलेच्या वर्गात सरांनी खिडकीशी कप आन् किटली मांडली. उजेड कुठं पडतो, सावली कुठं दाटते, ते बघून पेन्सिलीनं काढायचं होतं. मी डावा डोळा मिटून माप घेत होते. सर म्हणाले, "कपाचा कान कुठाय?"

"दिसतच न्हाई, सर."

पोरं हसली. मी डावा डोळा उघडला, तवा कान दिसला.

आज दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय, परवा ऑपरेशन करू. मी विचारलं, "नजर परत येईल ना?" ते नुसतं "बघू" म्हणाले.

"ऑपरेशनच्या कागदावर सही माझी मीच करीन," असं ऐटीत सांगून आले खरी. पण आप्पा, आता मला डोळे मिटायचीच भीती वाटते.

आईला प्रवास झेपायचा न्हाई, तिला बेतानं सांगा. तुम्ही मात्र दौंडला मिळंल ती गाडी धरून या.

तुमची,
गौतमी