चोरबटण

५ मार्च
सुंदररावांची गाडी टोचन करून गॅरेजला आली आणि मागच्या दारातून स्वप्ना उतरली — तिथंच माझं सगळं बदललं. कॉलेजात दोन वर्षं हिच्या मागच्या बाकावर बसलो. मग सरांच्या अंगावर धावून गेलो, कॉलेज सुटलं. ही सुटली न्हाई.

गाडी चालता चालता बंद पडली म्हणे. इथं किल्ली फिरवली तर लगेच चालू! दिवाळीला गाडीची सर्व्हिसिंग मीच केलती, म्हणून सुंदरराव माझ्याकडंच बघायले. पोरीला लग्नासाठी दाखवायला कडा गावाला आत्याकडं नेत होते. ऐकलं आन् पाना हातातून पडला.

९ मार्च
फ्यूज बरा. रिले नवा टाकला. इंजिनाला पेट्रोल देणाऱ्या पंपापर्यंत करंट येतोय, टेस्ट लॅम्प झक्क पेटतो. राधाकिशन मिस्त्री म्हणले, "झालं, दे गाडी." दिली.

१४ मार्च
परत टोचन. परत कड्याच्या रस्त्यावर. सुंदरराव म्हणले, "मिस्त्री, ह्या पोराला पाना धरता येतो का नुसता मोबाईल?" उत्तर तोंडावर आलतं. ती बघत होती, म्हणून गिळलं.

लई थकलोय. बंद असती तवा गाडी माझ्या हाती न्हाई. हाती येती तवा बंद न्हाई.

१५ मार्च
पंप मागच्या सीटखाली. सीट उचलली. पंपाच्या वायरीला जुना जोड, तिथून एक वायर डाव्या कोपऱ्यात — बसल्या जागी फटीतून बोट पोचेल असं बारीक बटण. चोरबटण! गाडी पुण्याहून जुनी घेतलेली. पहिल्या मालकानं चोरीच्या भीतीनं बसवलं असणार. दाबलं की पंपाचा करंट बंद, परत दाबलं की चालू.

सगळीकडं धूळ. बटणावर न्हाई.

डावीकडं ती बसते.

सीट होती तशी बसवली. कुणाला बोललो न्हाई. माझ्यासाठी करतीय. दिवसभर डोक्यात हेच.

१६ मार्च
गाडी न्यायला आले. सुंदरराव मिस्त्रींसोबत चहाला गेले तवा तिला म्हणलं, "बटण बघितलं मी."

तिचं तोंडच उतरलं. "अण्णांना सांगू नको. कळलं तर पेपरला बी बसू द्यायचे न्हाईत."

"माझ्यासाठी केलंस ना?"

"तुझ्यासाठी कावून, जीवन? मला बीएस्सी पुरी करायचीय."

१७ मार्च
कामाला गेलो न्हाई.

२२ मार्च
तिसऱ्यांदा टोचन. मिस्त्रींनी स्वतः सीट उचलली. स्वप्ना तेवढ्यापुरती पुढं जाऊन बसलेली, दार उघडं.

"हे कुणी बसवलं बे?"

सुंदररावांनी वाकून बघितलं. "तुझ्याच बाजूला हाय की गं हे."

तिनं एक पाय खाली टाकला. बोलणार, तेवढ्यात मी म्हणलं, "मी बसवलं. दिवाळीला. गिऱ्हाईक परत यावं म्हणून."

मिस्त्रींनी कानाखाली दिली. माझा हात वर गेला न्हाई, पहिल्यांदाच. "उद्यापासून येऊ नको," म्हणले.

"जीवन—" ती म्हणाली.

तिनं पाय आत घेईस्तोवर थांबलो. दार लावलं आन् निघालो.