साडेपाचची गाडी

कापडे, ६ मे १९८४

ती. दादा व वहिनी यांस,
ललिताचा सविनय जयभीम, वि. वि.

निकालाच्या दिवशी आमच्या शाळेला भिंतीवरचं तिसरं घड्याळ मिळालं. देणारे महाडचे कापडवाले गंगाधरशेठ. पहिलं पोलादपूरच्या कमलाकर डॉक्टरांचं, दुसरं भातगिरणीच्या मुरारीशेठांचं. तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवतात. कुणाचं मन दुखू नये म्हणून मी मधली वेळ धरून घंटा देते.

माझ्या जुन्या मुख्याध्यापिका कालिंदीबाईंना हे सांगितलं. त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. म्हणाल्या, ही माणसं देणारी आहेत, पण देण्याआधी विचारायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. आता त्याच शिकवणार. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी तिघांना त्या आपल्या वस्तीत, आपल्याच अंगणात आणतायत. अट एकच, त्या दिवशी कुणी काही द्यायचं नाही, फक्त ऐकायचं. तीन वर्षांत माझ्या शाळेतून अकरा मुली सातवी झाल्या, पोलादपूरच्या हायस्कुलात एकच गेली, बाकीच्या का नाही, एवढंच.

आईनं अंगण सारवायला घेतलंय. तुझा सल्ला मागत नाही, तरी तू तो देशीलच.

लोभ आहेच, तो टपालानं थोडा जास्त पाठवावा.

तुझी,
ललिता


मुंबई, ११ मे १९८४

चि. ललितास,
सप्रेम जयभीम आणि दादाचे आशीर्वाद.

तुझं पत्र गोदीत डबा खाताना वाचलं आणि ठसका लागला. तीन बडे लोक आपल्या अंगणात! घरात खुर्ची एक. तिघांना पाळीपाळीनं बसवणार की चिठ्ठ्या टाकणार? आणि चहा दिलास तर पितात का, की एकदम सगळ्यांची पोटं दुखायला लागतात, तेवढं नीट बघून कळव. मी लहान असताना महाडच्या दुकानात आपल्याला कापड लांबून टाकायचे. ते दुकान गंगाधरशेठांचं नव्हतं, पण रस्ता तोच होता.

चेष्टा पुरे. आपली वस्ती म्हणजे प्रदर्शन नव्हे. ती माणसं येतील, हळहळतील, जातील, आणि पुढच्या महिन्यात तुला चौथं घड्याळ येईल.

मंजुळेचा विषय पुन्हा काढू नकोस. माझ्या पोरीची सातवी झाली, पुष्कळ झालं. इथं खोलीत आम्हीच नऊजण, तिला आणता येत नाही. तिला शिवण शिकव.

आईला जप. माझ्यावर रुसायचं असेल तर दोन ओळींत रुस, पण लिही.

तुझा,
दादा


कापडे, २१ मे १९८४

चि. चंदूस आईचा आशीर्वाद.

मी सांगते हाय, मंजुळा लिहिते हाय. एक अक्षर गाळायचं नाय असं तिला बजावलंय.

काल ते आले. खुर्चीवर कालिंदीबाई बसल्या, बाकी तिघं गोधडीवर. गंगाधरशेठ जाडे, उठताना त्यांना दोघांनी हात दिला. चहाचं इचारलं होतंस ना? डॉक्टर प्याले, गिरणीवाले प्याले. गंगाधरशेठ कप धरून लय येळ बघत बसले. मी म्हटलं, साखर कमी हाय का? मंग प्याले, न् दुसरा मागितला.

मंग एक म्हणाले वह्या देऊ, दुसरे म्हणाले छत्र्या देऊ. बाईंनी वर्गातल्या पोरांसारखं गप्प केलं न् पोरींना बोलायला लावलं. सगळ्यांचं एकच. पोलादपूरची शाळा पाचला सुटते, कापड्याची गाडी सातला. ती महाडच्या कारखान्यांतल्या लोकांसाठी लावलेली. तोवर पोरींनी स्टँडवर उभं राह्यचं, न् पावसाचे चार महिने फाट्यावरनं काळोखात वर चढायचं.

बाईंनी मंजुळेला इचारलं, तुला कुणी थांबवलं गो? ती मान खाली घालून बसली. मंग मीच बोलले, "माझ्या लेकानं थांबवली. तो वाईट नाय. तो भितो."

राग आला तर माझ्यावर काढ, पोरीवर नको. सुनेला सांग, आंबोशी कुणासंगं तरी धाडते.

तुझी आई,
येसूबाई

ता. क. बाबा, आजीनं सांगितलं ते सगळं लिहिलं. मी मान खाली घातली कारण मला रडू येत होतं. हे आजीनं सांगितलेलं नाही. – मंजुळा


मुंबई, २७ मे १९८४

चि. ललितास,
सप्रेम जयभीम.

आईचं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा तुझ्या वहिनीनं वाचलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. शिकवायला निघालात शेठ लोकांना, शिकवणी झाली माझी.

मी भितो हे खरं. इथं काम करता करता सात वाजले की फाट्यावरची चढण डोळ्यांपुढं येते, आणि तिथं मी नसतो. गाडी लवकरची मिळाली तर मी आडवा येणार नाही. पण मिळेल असं वाटत नाही.

मंजुळेला सांग, बाबा रागावले नाहीत. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

माया कमी करू नकोस, तेवढीच विनंती.

दादा


कापडे, १२ जून १९८४

ती. दादास,
सविनय जयभीम, वि. वि.

गाडी मिळाली. आता बसून वाच.

तिघेही कालिंदीबाईंसोबत महाडला एस.टी.च्या साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, गाडी देतो, पण प्रवासी दाखवा. मग या तिघांनी रस्त्यावरची सगळी गावं वाटून घेतली. डॉक्टर स्कूटरवरून फिरले. गंगाधरशेठ घामाघूम होऊन दारोदार गेले, गावातल्या आणि आपल्या वस्त्यांतल्याही, आणि मुलीला हायस्कुलात पाठवू अशा बापांच्या सह्या मागितल्या. एका म्हातारीनं त्यांना निवडणुकीचा उमेदवार समजून रेशनच्या रॉकेलबद्दल झापलं. त्यांनी ते निमूट ऐकून घेतलं. बाई म्हणतात, हे एवढं त्यांना आता उत्तम जमतं. तिघांना एकाच गोष्टीचं वाईट वाटतंय, की या कामात देण्यासारखं काहीच नव्हतं.

पोलादपूरहून साडेपाचची गाडी, दिवाळीपर्यंत परीक्षा म्हणून. मुली टिकल्या तर कायम. यादीत तेवीस मुली आहेत आणि बावीस बापांच्या सह्या. कागद सोबत जोडलाय. मोकळी जागा शोधायला तुला चष्मा लागणार नाही.

वहिनींना नमस्कार. उलट टपाली कागद यावा, प्रेम मागाहून आलं तरी चालेल.

ललिता


कापडे, २६ जून १९८४

ती. बाबा व आई यांस,
मंजुळाचा सविनय जयभीम.

तुमचा कागद पोचला. सही जरा वाकडी होती. आत्या म्हणाली, गोदीत काम करून हात अवघडला असेल. आजी म्हणाली, तसं नाय.

काल पहिल्यांदा साडेपाचच्या गाडीनं आले. कंडक्टर म्हणाले, एवढ्या मुली कुठून उगवल्या? खिडकीजवळ बसायला मिळालं. हायस्कुलात इंग्रजीच्या बाई भराभरा बोलतात, मला अर्धंच कळलं. उरलेलं गाडीत तुळजापाशी समजून घेतलं, ती माझ्यापेक्षा एक वर्ष पुढं आहे.

फाट्यावर उतरलो तेव्हा पाऊस उघडला होता आणि चांगला उजेड होता. खालूनच आपलं घर दिसलं. आजी दारात तांदूळ निवडत होती. तिनं मला पाहिलं, पण उठली नाही. निवडतच राहिली.

तुम्ही दोघं गणपतीच्या सुट्टीत या. साडेपाचच्याच गाडीनं या, मी जागा धरून ठेवीन.

तुमची लेक,
मंजुळा
इयत्ता आठवी