गेली होती, आली बी

माय,

तू मेलीस तेव्हा मी भंडाऱ्याला कॉलेजात शिकत होते. ‘मेलीस’ असंच लिहिते आहे. ‘गेलीस’ लिहिलं असतं, पण आपल्या घरात तुझ्या बाबतीत त्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. ‘तुझी माय गेली होती तेव्हा’ असं कुणी म्हटलं की आसगावात आजही कुणाला तुझं मरण आठवत नाही. त्यांना ते हिवाळ्यातले चार-पाच दिवस आठवतात. मलाही आधी तेच आठवतात. आज रविवार आहे, लॅब बंद आहे. इथे भंडाऱ्यातच मी लोकांचं रक्त काढून तपासते. दिवसभर अनोळखी हात हातात घ्यायचे, शीर शोधायची आणि ‘मूठ आवळा’ म्हणायचं, हे माझं काम. भाड्याच्या खोलीत एकटी राहते, वर्षभर सुट्या साठवते आणि मग पाठीवर एक पिशवी घेऊन कुठल्यातरी देशात एकटीच निघून जाते. या वेळी परत आले आणि भावाने एक वाक्य ऐकवलं. ते तुझ्याशी बोलल्याशिवाय मला पचणार नाही असं वाटतं, म्हणून बसले आहे.

धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, संपलं होतं. सकाळी उठून पाहते तर चुलीशी तू नाहीस. भाताचं गंज झाकून ठेवलेलं, वांग्याची भाजी झाकून ठेवलेली, दोन्ही अजून गरम. भाऊ लहान होता, त्याला मी जेवू घातलं. माय माहेरी गेली असेल असं बाबा म्हणाले आणि वाड्यातून बैल सोडून कामाला निघून गेले. दुसऱ्या दिवशी तुझ्या माहेराहून, एकोडीहून, मामा सायकलने आला तो वेगळ्याच कामासाठी. तो ओट्यावर टेकून म्हणाला, “बाई कुठी हाय? दिसून नाही राहिली.” त्यानंतर घरात कुणी नीट बसलं नाही. मला अजून दिसतं, लोक आपल्या विहिरीभोवती उभे आहेत, दोरीला गळ बांधून खाली सोडताहेत, दोरी हलली की सगळे एकदम वाकताहेत. भाऊ माझ्या फ्रॉकचं टोक धरून उभा आहे आणि त्याला तिथून हलवायचं कुणालाच सुचत नाही. विहिरीतून एक फुटकी बादली निघाली. मग माणसं बोडीकडे, शेताजवळच्या लहान तळ्याकडे गेली, गुडघाभर चिखलात बांबू खुपसत फिरली. बाबा काठावर बसले होते. ते पाण्याकडे पाहत नव्हते, आपल्या हातांकडे पाहत होते. तू मेली आहेस असं मी मनात ठरवून टाकलं होतं, माय. मुलं पटकन ठरवतात.

आणि मग एका दुपारी पवनीहून येणारी एसटी थांबली आणि तू उतरलीस. हातात फक्त एक कापडी पिशवी. मी धावत गेले, तुझ्या कमरेला मिठी मारली आणि रडले. पण तुझ्या अंगाला आपल्या घराचा वास नव्हता. साबणाचा होता. आजी दारात उभी होती. तिने तुला खालून वर पाहिलं. जगलीस की मेलीस, जेवलीस की उपाशी राहिलीस, तिने काहीच विचारलं नाही.

“लुगडं कुठी धुतलीस वो?” ती म्हणाली.

तू ओट्याशी चपला काढल्यास.

“अंगावरचं एकच लुगडं नेलं होतंस ना? मंग हे धुतलेलं कसं? वाळेपर्यंत काय घालून बसली होतीस? अन् कोणापुढं?”

तू आत आलीस. पिशवी खुंटीला अडकवलीस, पाय धुतलेस आणि चुलीपुढे बसून जाळ केलास. बाबांनी संध्याकाळी तू वाढलेलं मुकाट्याने खाल्लं. त्यांनी तुला मारलं नाही, शिवी दिली नाही आणि मरेपर्यंत काही विचारलंही नाही. लोक बाबांना भला माणूस म्हणत. मलाही तेव्हा तसंच वाटलं. आता वाटतं, त्यांनी निदान एकदा तरी विचारायला हवं होतं.

त्यानंतर तू पवनीच्या बाजारालाही कधी एकटी गेली नाहीस. आजी सोबत असायची, आजीला जमलं नाही तर शेजारची कुणी. लग्नाकार्यात तुला पुढे बोलवायचे नाहीत, हळद लावायला तर नाहीच. मी मोठी होत गेले तसं मला कळू लागलं की रोवणीच्या बांधीत बायका हसतात आणि मी जवळ गेले की एकदम वाकून रोपं लावू लागतात. शाळेत एका मुलीने मला तोंडावर विचारलं, “तुझी माय कोणासंग पळाली होती?” मी तिचे केस धरले. गुरुजींनी मलाच छडी मारली. घरी येऊन तुला सांगितलं तर तू माझा तळहात पाहिलास, त्यावर खोबरेल चोळलंस आणि मग अशी रागावलीस की मी घाबरले. “कोणाशी भांडाचं नाही माह्यासाठी. समजलं का? कोणाशी बी नाही.” ते मी कधीच ऐकलं नाही. मी सगळ्यांशी भांडले. ती एकटीच गेली होती, कुणासोबत नव्हती, हे वाक्य मी आत्याला सांगितलं, मामीला सांगितलं, दोनदा मला पाहायला आलेल्या पाहुण्यांच्या मध्यस्थांना सांगितलं. दोन्ही स्थळं परत आली नाहीत. त्यानंतर घरात माझ्या लग्नाचा विषय हळूहळू थांबला आणि मीही तो उकरला नाही.

मी तुला एकदाच विचारलं. काविळीने तू पिवळीधमक झाली होतीस आणि आम्ही तुला जीपमध्ये घालून भंडाऱ्याला आणलं होतं. दवाखान्यात तुझ्या खाटेशी मी एकटी बसले होते. तुझा हात हलका झाला होता, सुपातल्या कोंड्यासारखा. मी म्हटलं, “माय, तेव्हा तू कुठी गेली होतीस?” तू खिडकीकडे तोंड वळवलंस. मग म्हणालीस, “गेली होती. आली बी.” आणि लगेच, “तुले चहा भेटला का?” एवढंच. त्या आठवड्यात तू संपलीस.

बाबाही वारले आणि भावाचं लग्न झालं, तेव्हा मी पासपोर्ट काढला. चौकशीला आलेल्या हवालदाराने खोलीत सगळीकडे नजर फिरवून विचारलं, “मिस्टर कुठी असतात?” नाहीत म्हटल्यावर तो दाराबाहेर जाऊन उभा राहिला आणि बाकीचे प्रश्न तिथूनच विचारले. आधी रेल्वेने गोरखपूरपर्यंत जाऊन नेपाळला गेले, मग श्रीलंकेला, मग पुढे. पैसेवाली माणसं फिरतात तशी मी फिरत नाही, माय. आठ-दहा बायकांच्या खोलीत वरचा पलंग घेते, कारण तो स्वस्त असतो. पिशवीत चिवडा आणि खिचडीचं सामान असतं, परक्या स्वयंपाकघरात परक्या भांड्यात शिजवते. दोन जोडी कपडे, एक अंगावर. जिथे चालत जाता येतं तिथे वाहनात बसत नाही. लॅबमधल्या मुली म्हणतात, ताई, तुमची मजा आहे. मी हो म्हणते. मजा असतेही, सकाळी एखाद्या नव्या गावात पहिल्यांदा बाहेर पडते तेव्हा. पण दुपारनंतर प्रत्येक गाव सारखंच होतं. माणसं आपापल्या घराकडे वळतात आणि मी बाकावर बसलेली असते.

व्हिएतनाममध्ये बसमधून मला रोवणी दिसली. अगदी आपल्यासारखी, वाकलेल्या पाठी, पाण्यात पाय. पुढच्या थांब्यावर उतरले आणि चालत मागे आले. बांधावर उभी राहिले तर तुझ्या वयाच्या, म्हणजे तू तेव्हा होतीस त्या वयाच्या, एका बाईने मान वर करून पाहिलं. तिने एक बोट उभं केलं आणि भुवया उंचावल्या. एकटी? हा प्रश्न आता मला कुठल्याही भाषेत कळतो. मीही एक बोट उभं केलं. तिला हसू आलं नाही. तिने बाजूच्या बाईला काहीतरी सांगितलं, दोघींनी माझ्याकडे पाहिलं आणि दोघी पुन्हा वाकल्या. त्या नजरेत वाईट काही नव्हतं, माय. कीव होती. आसगावातल्या बायकांच्या नजरेपेक्षा ती मला जास्त लागली.

आणि आता या वेळचं. जॉर्जिया नावाचा देश आहे, तिथे डोंगरातल्या एका गावात गेले होते. हंगाम नव्हता, त्यामुळे खोलीत मी एकटीच. भावाचा नियम असा की रोज फोन करायचा, कुठे आहे त्याचा फोटो पाठवायचा. मी तो पाळत आले होते. तिथे पोचले त्या सकाळी फोन हातात घेतला आणि बंद करून पिशवीत ठेवला. राग नव्हता, भांडण नव्हतं. कुणालाच माहीत नाही मी कुठे आहे, हे एकदा अंगावर घेऊन पाहावं, एवढंच वाटलं. मग पुढचे दिवस तसेच गेले. मी झोपले. घरमालकीण बाईंनी दिलेला पाव आणि चीज खाल्लं. खिडकीतून धुकं डोंगरावर चढताना आणि उतरताना पाहिलं. एके दिवशी पावसात भिजून चिखलाने माखले आणि दुसरा जोड आधीच ओला होता. म्हणून सगळंच धुतलं, शेगडीजवळ दोरी बांधून वाळत घातलं आणि अंगाभोवती घोंगडी गुंडाळून पलंगावर बसून राहिले. कपडे वाळायला अख्खी दुपार लागली. त्या दुपारी मला आजीचा आवाज ऐकू आला. वाळेपर्यंत काय घालून बसली होतीस? अन् कोणापुढं? मी एकटीच त्या खोलीत मोठ्याने म्हणाले, “कोणापुढं नाही वो आजी, कोणीच नव्हतं.” आणि मग मला रडू आलं ते थांबेना. कारण मला समजलं की हे सांगता येत नाही. काही घडलंच नव्हतं तर सांगणार काय? मी निघाले, बसले, झोपले, कपडे धुतले, वाळले, घातले. एवढ्यासाठी कुणी घर सोडून जातं यावर कोण विश्वास ठेवेल?

फोन चालू केला तेव्हा भावाचे इतके फोन येऊन गेले होते की यादी संपेना. मी त्याला परतीच्या विमानाची वेळ कळवली. तो पोलिसांत गेला होता, लॅबमध्ये गेला होता, दिल्लीला कुणाकुणाला गाठलं होतं. नागपूरला विमानतळावर तो गाडी घेऊन उभा होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. भंडाऱ्याच्या रस्त्याला लागून मौदा येईपर्यंत तो गाडी पळवत राहिला. मग समोर रस्त्याकडे पाहत म्हणाला, “होतीस कुठी?”

“एका खोलीत.”

“कोणासंग?”

“कोणीच नव्हतं.”

“मंग करत काय होतीस?”

“काहीच नाही रे.”

त्याने गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. “तू बी मायसारखीच निघालीस,” तो म्हणाला. मी भांडायला तोंड उघडलं, सवयीने. पण तो स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडत होता. चाळिशीचा माणूस, दोन लेकरांचा बाप. “ताई, ते विहिरीत गळ टाकून राहिले होते. मी तिथंच उभा होतो. तुले आठवते का? मले रोज आठवते. या आठ दिवसांत मले तेच दिसून राहिलं होतं.” मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही, पण वर पाहिलंही नाही. मग डोळे पुसून त्याने गाडी चालू केली. मला खोलीपाशी सोडताना त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मला दिसलं की त्याचा माझ्यावर विश्वास बसलेला नाही. काहीच नाही, कोणीच नाही, यावर त्याचा विश्वास कधीच बसणार नाही. त्यालाही दोष देता येत नाही. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. वहिनीचा आला. मुलांची परीक्षा आहे, नंतर भेटू म्हणाली.

मी आतापर्यंत समजत होते की मी तुझ्यासाठी फिरते. तुला जे जमलं नाही ते मी करते आहे, असं काहीतरी. खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. त्या विहिरीभोवती तू नव्हतीस, माय, आम्ही होतो. तू कुठेतरी होतीस आणि बरी होतीस, आणि इकडे एक लहान पोरगं दोरी हलताना पाहत होतं. हे तुला कुणी सांगितलं का, मला माहीत नाही. बहुतेक सांगितलं असेल. म्हणूनच तू पुढे कधी एकटीने गावाची वेस ओलांडली नसशील आणि कुणाच्या बोलण्याला उत्तरही दिलं नसशील. मी आता पुन्हा निघेन का, ठाऊक नाही. सुट्या उरल्या नाहीत आणि सध्या मनही नाही.

हे मी कुणाला दाखवणार नाही. पण एक राहिलं. आयुष्यभर मी सगळ्यांना ठासून सांगत आले की माझी माय एकटीच गेली होती. आजही कुणी विचारलं तर तेच सांगेन. मात्र इतक्या परक्या बाकांवर बसून झाल्यावर आता कधी कधी मनात येतं की गावातले लोक खरं बोलत असावेत. कुणीतरी तुझ्यासोबत असावं. कोण, ते मला कळायला नको. फक्त तू त्या दिवसांत, जिथे कुठे होतीस तिथे, एकटी नसावीस.