माय काय म्हणाली

प्रिय देवकाताई,

काल आपल्या कॉलेजात तुझी शोकसभा झाली. काविळीनं तुला नेलं हे मला व्हॉट्सअ‍ॅपवरून कळलं, आणि दोन दिवसांनी मी माइकसमोर उभी! तू आम्हाला किती जीव लावून लिहायला शिकवायचीस ते सगळे सांगत होते. मीही चार चांगले शब्द बोलले आणि खाली बसले. खरं सांगायचं होतं ते तोंडातून निघालंच नाही. म्हणून आज लिहून राहिले आहे.

आपली पहिली भेट आठवते तुला? मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, केशोरीजवळच्या खेड्यातून आलेली, निबंध म्हटलं की गाइड पाठ करणारी. तू तिसऱ्या वर्षाला. दर शनिवारी तुम्ही मोठ्या मुली आम्हा नव्या मुलींना सायकल स्टँडमागच्या ओट्यावर लिहायला घेऊन बसायचात. मी गाइडातलं पान वाचलं तर तू सरळ म्हणालीस, "हे कोण बोलून राहिलं? तुले का सांगाचं आहे ते सांग ना." असा राग आला होता मला! तोंडावर कोणी असं म्हणतं का?

मग मी रोवण्याचं सांगितलं. चिखलात वाकून धान लावणाऱ्या बायांच्या रांगेत माझी आई सगळ्यांत पुढं, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि मागं राहिलेलीला शिव्या. तू हसून हसून लोटपोट झालीस. म्हणालीस, हेच लिही. तुम्ही फक्त विचारायचं, आमच्या कागदाला पेन लावायचं नाही, असा तुमचा नियम होता. त्या दोन पानांना मला चार शनिवार लागले.

आणि मग तूच नियम मोडलास, ताई. वार्षिकांकात लेख द्यायचा शेवटचा दिवस, मी तापानं घरी. तू माझा लेख "नीट" करून दिलास. खर्रा गेला, शिव्या गेल्या. सोशिक माउली आली, वात्सल्याची मूर्ती आली. बक्षीसही मिळालं त्याला.

अंक मी घरी नेला. आईला वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "कोनाची माय होय वो हे?"

सोमवारी सगळ्यांसमोर मी तुला काय काय बोलले! दुसऱ्या दिवशी माझा मूळ लेख आणून दिलास, जपून ठेवला होतास. म्हणालीस, "चूक माझी झाली शकू. हा वाचून दाखव मायला."

नंतर दोन-तीनदा विचारलंस, माय काय म्हणाली? मी दर वेळी "काही नाही" म्हणाले. फुगले होते ना! तुझं वर्ष संपलं, लग्न झालं. मागच्या दिवाळीत मंडईत भेटलीस तेव्हाही तू तेच विचारलंस. इतक्या वर्षांनी! मी सांगणार तोच तुझी गाडी आली, आणि मी म्हटलं, पुढच्या वेळी सांगते. थोडं तरी थांबायचं होतंस ना गं.

तर ऐक आता. आई भाजी चिरत होती. शिव्यांच्या जागेवर आले तशी हात थांबवून हसली. सगळं ऐकल्यावर म्हणाली, "सांजेले माही कंबर सरळ नाई होये. ते काऊन नाई लिवलीस?" मी तेही लिहिलं. तर म्हणे, आता पुन्हा वाच. तेव्हापासून मी काहीही लिहिलं की आधी तिला ऐकवते, आणि ती मला अडवून अडवून विचारते. हे तुझ्यामुळं झालं, ताई, आणि तुलाच मी सांगितलं नाही. फार चुकलं माझं.

हे पत्रही आज तिला वाचून दाखवणार आहे. एवढी वर्षं तुला झुलवत ठेवलं म्हणून ती मला शिव्या घालेल. त्या सगळ्या इथं लिहीन. एकही गाळणार नाही, शब्द देते.

तुझीच,
शकू