खुर्ची आणि टाटपट्टी

रिसाली, भिलाई

आदरणीय भागीरथामावशी,

सप्रेम जयभीम. डोळ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरनं वाकू नको म्हणून सांगतलं, तरी तू अंगण झाडूनच राहिली असशीन. आम्ही बरे आहोत. (या 'आम्ही'त मले धरू नको.)

तू विचारलं होतं, नागपूरचं एसीवालं क्लिनिक सोडून सरकारी शाळेत कावून गेली. मावशी, तिथं एका वेळी एकच लेकरू, तेही पैसेवाल्याचंच, रंगीत झोके, मऊ गाद्या. इथं खुर्सीपारच्या शाळेत मले तुटक्या बाकांची खोली भेटली. हेडमास्तर शामसुंदर सरांनी ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे मालिश असं समजून (अडलेल्या हातापायांले रोजची कामं शिकवणं, हे मी सांगेपर्यंत उशीर झाला होता) सगळ्या स्टाफले खबर दिली. "मैडम, ज़रा कमर देख लो," म्हणत पहिले स्वतःच लेटले. मग गुडघेवाल्या मॅडम, मग मानवाले सर. एक मॅडम तर सासूले घेऊन आल्या. लेकरं बिचारी दारातून पाहत.

त्यात नीतू होती. जन्मापासून हात आखडलेले. तिची आई पंचफुला रोज मधल्या सुटीत काम सोडून तिले भरवायले ये, आणि ठेकेदार तिले काढून टाकायची धमकी दे. म्हणून मी नीतूच्या मागं लागली. चमच्याच्या दांडीले सायकलची ट्यूब गुंडाळली, बाकांच्या ढिगातून एक धड खुर्ची काढली, टेबल लावला, अगदी क्लिनिकसारखं. एक दिवस पोरीनं सगळा डाळभात आपल्या हातानं खाल्ला! मी अशी फुगली, की पंचफुलाले सांगून टाकलं, उद्यापासून येऊ नको.

दुसऱ्या दिवशी सरांची कमर पुन्हा धरली. मी तिथं अडकली, आणि वर्गाच्या बाईंनी नीतूले सगळ्यांसोबत व्हरांड्यात तरटाच्या टाटपट्टीवर बसवलं. खाली मांडी, ताट जमिनीवर, बाजूले पोरांची ढकलाढकली. पाठीले टेका नाही तर तिचा हात कसा उचलंन? गरम डाळ मांडीवर सांडली. मी धावत पोचली तवा ती रडतही नव्हती. चमचा घट्ट धरून नुसती बसली होती. फार पोळलं नाही, पण निरोप भेटताच पंचफुलानं काम टाकून येऊन तिले कडेवर घेतलं.

"राहू द्या मॅडम. मी हाय तवर मीच भरवीन."

तवापासून नीतू शाळेत नाही, आणि पंचफुलाचं काम गेलं ते गेलंच. आता मी व्हरांड्यातच, टाटपट्टीवर, त्या गलक्यात शिकवते. (सर म्हणतात, मॅडमचं डोकं फिरलं. कमर मात्र दाखवतात.)

डोळ्यात औषध टाकत जा.

तुझी
आम्रपाली

ता.क. खरं काम हे, की तू भिलाईले ये. पंचफुला मले दार उघडत नाही. तू मोठी, तिच्याच भंडाऱ्याकडची. तुले ती नाही म्हणणार नाही. पोरीले परत पाठव म्हणून तिले समजाव.

पुन्हा ता.क. हे डाकपेटीजवळ उभी राहून लिहून राहिली. येता येता त्यांच्या गल्लीत गेली होती. दाराले कुलूप आहे. शेजारीण म्हणते, नीतूचा बाप नव्या ठेक्यावर सगळ्यांले घेऊन गेला, कुठं ते तिलेही माहीत नाही. आता समजावायले कोणी उरलं नाही. तरी तू ये, मावशी. मधल्या सुटीत माझ्या तोंडात घास जात नाही, आणि घरी हे कोणाले सांगता येत नाही.